पोर्ट लुईमध्ये एक दिवस, पायी

मॉरिशसला क्रूझचं जहाज लागलं की बहुतेक प्रवासी धक्क्यावरून थेट बसमध्ये चढतात. शामारेलची सातरंगी माती, गंगा तलाव, दुपारी एखादा समुद्रकिनारा आणि संध्याकाळी पुन्हा केबिन. आम्ही दोघांनी ती सहल घेतली नाही. समुद्र तर जहाजावरून रोज दिसतच होता, म्हणून राजधानीचं हे बंदरच पायी पाहायचं ठरवलं. कुणी विचारलं तर मी आजही हेच करायला सांगेन.

सकाळी जहाज आत येताना डेकवर उभं राहायला विसरू नका. गावाच्या पाठीशी डोंगरांची रांग आहे. त्यात अंगठ्यासारखा वर आलेला ल पूस आणि माथ्यावर भलामोठा गोल धोंडा तोलून धरलेला पीटर बोथ लगेच ओळखू येतात. खाली उतरल्यावर कोदां वॉटरफ्रंटपर्यंत जायचं, तिथे थोडे पैसे बदलायचे. हातात आलेल्या मॉरिशियन रुपयाच्या नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरीही आहे. ही अक्षरं तिथे कुणामुळे आली, ते बंदराच्याच काठाला थोडं पुढे गेल्यावर कळतं.

तिथे आप्रवासी घाट आहे, म्हणजे परदेशातून आलेल्या मजुरांना उतरवून घ्यायची जुनी जागा. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मॉरिशसमधली गुलामगिरी १८३५ मध्ये कायद्याने संपली, पण उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज ३६ मजुरांना घेऊन या बंदरात आलं होतं. करार पाच वर्षांचा आणि पुरुषाला पगार महिना पाच रुपये. गुलामांच्या जागी ‘स्वतंत्र’ मजूर चालतात का, हे ब्रिटिश सरकारला पाहायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी हे बेट निवडलं. प्रयोग त्यांच्या मनासारखा झाला. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं हिंदुस्थानातून इथे उतरली. काही इथेच राहिली, काहींना पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियन बेटांकडे नेण्यात आलं.

मूळ इमारतींपैकी थोडाच भाग उरला आहे, बराचसा रस्त्याच्या कामात गेला. उरलेलं काळ्या दगडात आहे: दवाखान्याच्या खोल्या, पहारेकऱ्याची जागा, मजुरांना ठेवायच्या शेडचे पाये, आणि सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून आत यायचा. एक-दोन दिवस इथे ठेवून त्याची नोंद व्हायची, त्याला एक नंबर मिळायचा आणि मग त्याची रवानगी मळ्यावर. पायऱ्यांपाशी मी बराच वेळ उभी होते. आपण ज्या धक्क्यावर सकाळी हसत-खेळत उतरलो, त्याच बंदरात माणसं गाठोडं घेऊन, कुठे आलो हेही धड न कळता उतरली होती. हे तिथे उभं राहून जितकं जाणवतं तितकं वाचून जाणवत नाही.

कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबईहूनही जहाजं सुटत, आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली माणसं होती. बाजूच्या संग्रहालयात माहिती देणाऱ्या बाईंना आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे कळलं, तेव्हा त्या हिंदीत म्हणाल्या, “मग आपण एकाच गावचे असू!” त्यांचे पणजोबा कोकणातून आलेले. घरात बोलणं क्रेओल या तिथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, पण गणपतीच्या आरत्या मराठीत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. त्या दिवसांत त्यांच्याकडे झाकरी नाचतात, म्हणजे आपल्या कोकणातली जाखडीच. त्यांनी हाताने ठेका धरून दोन ओळी म्हणून दाखवल्या. उच्चार बदललेले होते, चाल मात्र ओळखीची होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोका नावाच्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत, तिथे अनेक कुटुंबं आपल्या पूर्वजांचा शोध घ्यायला जातात, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

तिथून सेंट्रल मार्केट पाच-दहा मिनिटांवर. भाज्या, लिची, औषधी पाल्याच्या जुड्या आणि कडक ऊन. डॉल पुरी इथेच खावी. उकडून वाटलेली हरभऱ्याची डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी, म्हणजे जणू गूळ न घातलेली पुरणपोळी. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रुगाय, लोणचं आणि मिरची. दोन पुऱ्या एकत्र गुंडाळून कागदात देतात आणि उभ्या-उभ्याच खायच्या असतात. मजुरांच्या चुलीवरचं हे खाणं आज साऱ्या बेटाचं आहे. आमच्या शेजारी चिनी, आफ्रिकन, गोरे, सगळेच हात बरबटवून खात होते. नंतर आलुदा प्यायलो: दूध, सब्जा आणि जेली, आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ.

उरलेल्या वेळात ब्लू पेनी म्युझियम पाहिलं. १८४७ सालची, जगात दुर्मीळ असलेली दोन मॉरिशियन टपाल तिकिटं तिथे आहेत. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा थोडाच वेळ लावतात, त्यामुळे आत शिरताना वेळ विचारून घ्या. तिकिटं जमवणाऱ्यांना हे फार मोठं ठिकाण वाटेल. मला घाटानंतर त्यात मन लावता आलं नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: घाट पाहायला पैसे पडत नाहीत, पण रविवारी तो बंद असतो आणि शनिवारी दुपारी लवकर बंद होतो. जहाज कुठल्या वारी बंदरात आहे हे बुकिंग करतानाच पाहा. रविवार असेल तर दुसरी तारीख घ्या.