बेरीज छेदात चुकते, भागाकार बाकीत

एका पूर्णाचे सारखे भाग किती केले ते छेद सांगतो, त्यातले किती घेतले ते अंश. अंश लहान असला की छेदाधिक अपूर्णांक (३/४), अंश मोठा असला की अंशाधिक (५/४). ५/४ मधला पूर्ण वेगळा काढला की तो पूर्णांकयुक्त, १ पूर्णांक १/४. म्हापशाच्या बाजारात सव्वा किलो कांदे मागणाऱ्या आजीला हे सगळं येतं, फक्त नावं ठाऊक नसतात. प्रकारांबद्दल एवढं पुरे. मार्क जातात ते पुढे.

१/२ + १/३ विचारलं की हमखास उत्तर येतं २/५. वरचे वर, खालचे खाली मिळवले! पण २/५ अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात भर घालून अर्ध्यापेक्षा कमी कसं उरेल? तुकडे वेगवेगळ्या मापाचे असतील तर आधी ते एका मापाचे करावे लागतात. २ आणि ३ चा लसावि (दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) ६, म्हणून ३/६ + २/६ = ५/६. छेदांची बेरीज कधीच करायची नाही.

वजाबाकीत खरी गोची पूर्णांकयुक्ताची. ३ पूर्णांक १/४ मधून १ पूर्णांक २/३ वजा करताना १/४ मधून २/३ जात नाही, मग मुलं गुपचूप उलट वजा करतात आणि २ पूर्णांक ५/१२ लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा दोन्ही अंशाधिक करा: १३/४ − ५/३ = ३९/१२ − २०/१२ = १९/१२, म्हणजे १ पूर्णांक ७/१२. पडताळा तोंडी होतो. सव्वातीनातून जवळजवळ पावणेदोन गेले, तर दीडच्या किंचित वर उरायला हवं. तसंच उरलं.

गुणाकाराला समच्छेद, म्हणजे छेद सारखे करणं, लागत नाही. उगाच करू नका, आकडे फुगतात. मात्र अडीच गुणिले दीड म्हणजे २ × १ आणि १/२ × १/२ मिळून सव्वादोन नव्हे. ५/२ × ३/२ = १५/४, पावणेचार.

भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हे बहुतेकांना पाठ असतं. घोळ होतो तो उत्तर वाचताना. साडेतीन लिटर कोकम आगळ पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचं आहे. ७/२ ÷ ३/४ = ७/२ × ४/३ = १४/३, म्हणजे ४ पूर्णांक २/३. यावरून चार बाटल्या भरून २/३ लिटर उरलं असं कुणी लिहिलं, तर ते चूक. हे २/३ बाटलीचे आहेत, लिटरचे नाहीत. चार बाटल्यांत तीन लिटर गेलं, उरलं अर्धा लिटर, आणि पाऊण लिटरच्या बाटलीत अर्धा लिटर ओतलं की ती दोन तृतीयांश भरते. मुलाला उत्तराशेजारी ‘बाटल्या’ हे एकक लिहायला लावा, आणि १४/३ वर न थांबता पाचवी बाटली किती रिकामी राहील तेही विचारा: पाव लिटर, म्हणजे बाटलीचा १/३.