आमची वाटचाल : पंचवटी ते अंदमान

पंचवटीतील आमचे कार्यालय मुळात बाहेरगावाहून येणाऱ्या भाविकांसाठी सुरू झाले. त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी आणि शिर्डी या ठिकाणांसाठी गाडी व चालक पुरवणे एवढाच तेव्हा व्यवसाय होता, आणि माझे थोरले बंधू आजही तेच काम पाहतात. अंदमानकडे आम्ही वळलो ते भगूर व देवळाली परिसरातील ज्येष्ठ मंडळींच्या आग्रहामुळे. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा जन्म भगूरचा. त्यामुळे १९११ ते १९२१ या काळात ते ज्या सेल्युलर जेलमध्ये होते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा बाळगणारी माणसे या भागात घरोघरी भेटतात. मात्र मोठ्या कंपन्यांच्या सहलींचे दर त्यांच्या निवृत्तिवेतनाला झेपणारे नव्हते.

असा दर आम्ही एकदा फोडून पाहिला. विमानाचे भाडे कोणालाच चुकत नाही. उरलेला खर्च खोली, बोट आणि टॅक्सी या तीन गोष्टींत वाटला जातो, आणि त्यातला बराचसा भाग दिवस कसे मांडले यावर वाढतो किंवा घटतो. स्वस्त खोली शोधण्याआधी दिवस मांडावेत, ही आमच्या कामाची पद्धत तेव्हापासून ठरली.

मांडणीची सुरुवात घड्याळापासून होते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचे श्रीविजयपुरम, नाशिकच्या इतके पूर्वेला आहे की तेथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो व मावळतो, पण घड्याळ मात्र तेच असते. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. सकाळी दहाला हॉटेलबाहेर पडणाऱ्या कुटुंबाचा अर्धा दिवस तेथे वाया जातो आणि मग एक रात्र वाढवावी लागते. म्हणून आमच्या सहलीत नाश्ता सहा-साडेसहाला असतो. सुट्टीवर आलेली मंडळी पहिल्या दिवशी यावर कुरकुर करतात, हे खरे.

दुसरी गोष्ट बेटांच्या क्रमाची. हॅवलॉक आणि नील या बेटांना २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही नावे मिळाली. दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून जाऊन-येऊन केली तर चार वेळा बोट लागते. पोर्ट ब्लेअर, स्वराज, शहीद आणि परत पोर्ट ब्लेअर असा फेरा घेतला तर तीन वेळा. सरकारी बोट स्वस्त असली तरी तिला वेळ अधिक लागतो आणि तिकीट मिळेलच असे नसते, तर खासगी बोट दीड तासाच्या आसपास स्वराजला पोहोचवते. ज्येष्ठांसाठी आम्ही खासगी बोटच धरतो. स्कूबा डायव्हिंग करायचे असेल तर ते स्वराजवर, म्हणजे सहलीच्या पूर्वार्धातच उरकावे, कारण पाण्याखाली खोल जाऊन आल्यावर विमानप्रवासापूर्वी निदान चोवीस तास जाऊ देणे सुरक्षित मानले जाते. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, म्हणून शेवटची रात्र आम्ही नेहमी पोर्ट ब्लेअरलाच ठेवतो. परतीचे विमान चुकण्याचा खर्च कोणत्याही खोलीभाड्यापेक्षा मोठा असतो.

राहण्याच्या बाबतीत आमचे मत अनेक ग्राहकांना सुरुवातीला पटत नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये आम्ही ॲबर्डीन बाजाराच्या आसपासची साधी लॉज निवडतो. सेल्युलर जेल तेथून चालत जाण्याजोगे आहे, जवळच्या रॉस बेटाच्या आणि नॉर्थ बे किनाऱ्याच्या बोटी सुटतात तो धक्काही जवळ आहे, आणि जेवणाची साधी हॉटेले हाकेच्या अंतरावर आहेत. समुद्र दिसणाऱ्या पण गावाबाहेरच्या हॉटेलात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. स्वराजवर गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्याला लागून अनेक रिसॉर्ट आहेत आणि त्यांच्या दरात समुद्राचे पैसे असतात. परंतु हा पूर्वेकडचा किनारा ओहोटीच्या वेळी दूरवर उघडा पडतो, खडक आणि प्रवाळ वर येतात आणि पोहणे शक्य होत नाही. पोहण्यासाठी व सूर्यास्तासाठी सगळ्यांना बेटाच्या पश्चिमेकडील राधानगरला जावेच लागते. अशा वेळी रस्त्याच्या आतल्या बाजूचा, नारळी-पोफळीच्या बागेतला होमस्टे आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. या बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची १९५० च्या दशकापासून वस्ती आहे. त्यांच्या घरचा वरण-भात आणि भाजी आमच्या ज्येष्ठांना मानवते. (एकादशी धरणाऱ्यांनी साबुदाणा घरूनच न्यावा.) खोली ठरवताना आम्ही जनरेटर आहे का आणि गोडे पाणी दिवसभर मिळते का, हे दोन प्रश्न भाड्याच्या आधी विचारतो.

ही चौकशी पूर्वी फार अवघड होती. बेटांवरील इंटरनेट उपग्रहावर अवलंबून असल्यामुळे खोलीचे छायाचित्र मागवणेही जिकिरीचे होई, आणि माझी पत्नी दूरध्वनीवर तासन्‌तास बोलून खोल्या पक्क्या करत असे. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा कोविडमुळे आमचे काम ठप्प होते. सहली पुन्हा सुरू झाल्यावर मात्र लॉजमालक मोबाइलवर खोलीचा व्हिडिओ पाठवू लागले आणि मधल्या दलालाची गरज उरली नाही. आमचे दर खाली आले ते प्रामुख्याने यामुळे.

बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा सगळ्यांनाच पाहायची असते. त्यासाठी पहाटे तीन-चारला निघून जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यात सामील व्हावे लागते, कारण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तेथे थांबणे, छायाचित्र घेणे, खाऊ देणे या सर्वांस मनाई आहे. साठीपुढच्या प्रवाशांना हा दिवस आम्ही सुचवत नाही. ‘जारवा दिसतील का?’ असे विचारणाऱ्यांना तर कोणत्याच वयात सुचवत नाही.

कोणत्या महिन्यात जावे, हे नाशिकमध्ये द्राक्षांवर ठरते. आमच्या ग्राहकांत निफाड व दिंडोरीचे बागायतदार बरेच आहेत. काढणी आटोपल्यावर आणि खरड छाटणीच्या, म्हणजे एप्रिलमधल्या वेलींच्या छाटणीच्या, आधी त्यांना जे मोजके दिवस मोकळे मिळतात, नेमका तोच काळ अंदमानात समुद्र शांत असण्याचा आणि पाणी नितळ असण्याचा आहे. नाताळची गर्दीही तेव्हा ओसरलेली असते, त्यामुळे तीच खोली बऱ्याच कमी भाड्यात मिळते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना नेणे पालकांना सोयीचे वाटते, पण तेव्हा दर चढे असतात आणि परतीच्या मोसमी पावसाचा व बंगालच्या उपसागरातील वादळांचाही तोच हंगाम असतो. हे आम्ही स्पष्ट सांगतो. काही जण तरीही जातात, आणि त्यांच्यासाठी आम्ही एक दिवस मोकळा राखतो.

जानेवारी २०२४ पासून लक्षद्वीपची चौकशी वाढली आहे. तेथे भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो, जहाजासाठी आणि बहुतेकदा विमानासाठीही कोचीला जावे लागते आणि खोल्या इतक्या मोजक्या आहेत की भावात घासाघीस करायला जागा राहत नाही. अंदमानच्या नेहमीच्या बेटांना असा परवाना लागत नाही. त्यामुळे लक्षद्वीपसाठी आम्ही सध्या फक्त नावे नोंदवून घेतो. परवाना आणि खोली हाती आल्याखेरीज कोणाकडूनही आगाऊ रक्कम स्वीकारत नाही.