वाक्य कोणाकडे तोंड करून आहे

‘ज्याला खरोखर स्वतःच्या पायावर उभे राहता येते, तो तसे लिहिलेला कप दुसऱ्याकडून विकत का घेईल? आणि तुम्ही तरी त्या वाक्यांवर विश्वास ठेवता का?’ स्वावलंबनाची वाक्ये छापलेले कप आणि बिल्ले मी बनवून विकते, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की तो सुरू होताच पुढचे शब्द मला कळतात. कोणी तो टोमणा म्हणून विचारतो, कोणी मनापासून. दोघांनाही मी आजवर ‘हो, ठेवते’ एवढेच उत्तर देत आले. ते उत्तर खोटे नव्हते, पण पुरे नव्हते, आणि ते अपुरे असल्याचे गेली दोन वर्षे मला माहीत आहे. तुम्ही विचारलेतच म्हणून या वेळी सगळे सांगते.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, आणि तो विचारणाऱ्यांचा मला थोडा रागही येतो. जो पोहोचला आहे तो हे कप घेत नाही, जो वाटेत आहे तो घेतो. मागणी नोंदवताना लोक न विचारता सांगतात: पहिल्यांदाच एकटी राहायला लागले आहे, कर्जाचा शेवटचा हप्ता या महिन्यात फिटतो आहे, घरच्यांच्या मनाविरुद्ध शिक्षण बदलले आहे. अशा माणसाला आपला निश्चय रोज डोळ्यांसमोर असावासा वाटला, तर त्यात विसंगती कोणती? वहीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहिणाऱ्याला आपण असे विचारत नाही. तोच संकल्प छापील अक्षरांत आणि पैसे देऊन घेतला, की मात्र तो आपल्याला खोटा वाटू लागतो.

तुमच्यापैकी एकाने मला अमेरिकी लेखक थोरोचे उदाहरण दिले होते. जुलै १८४५ ते सप्टेंबर १८४७ या काळात थोरो वॉल्डनच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला, पण ती जमीन त्याचा स्नेही, विचारवंत एमर्सन याची होती. ज्याने १८४१ मध्ये स्वावलंबनावरचा तो प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला, त्याचीच. म्हणजे हा सगळा विचारच उसन्या जागेवर उभा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना उत्तर दिले की झोपडी बांधायला घेतलेली कुऱ्हाडही उसनी होती, हे थोरोनेच लिहून ठेवले आहे, आणि ती घेतली होती त्यापेक्षा धारदार करून परत दिली, हेही. मला त्या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. उसने घेतल्याचे तो लपवत नाही, आणि परत कशी केली तेही सांगतो. माझ्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही, कारण मी लपवले होते.

माझे पहिले हीट प्रेस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने मजकूर उमटवणारे यंत्र, माझ्या मैत्रिणीचे होते. तिने तिच्या कामातून बाजूला पडलेले यंत्र मला वापरायला दिले आणि आठ महिने त्याचे भाडे घेतले नाही. त्याच यंत्रावर मी जे पहिले वाक्य छापले, ते ‘मी कोणाचे देणे लागत नाही’ हे होते. त्या वेळच्या मला कोणी हटकले असते, तर त्या ‘मी’ने ताडकन सांगितले असते की मी यंत्र मागितले नव्हते, मैत्रिणीने आपणहून दिले होते, आणि न मागता मिळालेले देणे होत नाही. या युक्तिवादाशी मी अजून भांडते. दिलेले आपणहून होते म्हणून ते घेतलेले नव्हते, असे कसे होईल? पण त्या वेळच्या मला त्या वाक्याची गरज होती, हेही मी नाकारू शकत नाही. त्याच्या काही महिने आधी मी एका नातेवाइकाकडे पैसे मागितले होते. नकार मिळाला, आणि नकारापेक्षा तो देताना ऐकवलेले चार शब्द अधिक लागले. घरी येऊन मी एका कागदावर ‘हात पसरू नकोस, हात चालव’ असे लिहिले आणि तो कामाच्या मेजासमोर चिकटवला. पुढे ते माझे सर्वांत जास्त खपणारे वाक्य झाले.

आता थोडे कामाविषयी, कारण पुढचे त्याशिवाय कळणार नाही. कपावर जे छापतात त्याला सब्लिमेशन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ज्याला संप्लवन म्हटले आहे तेच. कागदावरचा रंग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेला द्रव न होता थेट वायू होतो आणि कपावरच्या पॉलिमरच्या लेपात शिरतो. तो पृष्ठभागावर बसत नाही, आत जातो; म्हणून नखाने खरवडून निघत नाही आणि चूक झाली तर खोडताही येत नाही. कागदावर मजकूर आरशातल्यासारखा उलटा छापावा लागतो, तेव्हा कुठे तो कपावर सुलटा उमटतो. त्यामुळे मी माझी वाक्ये सुलटी वाचण्यापेक्षा उलटीच जास्त वाचलेली आहेत. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, रफार कोणत्या अक्षरावर, अनुस्वार सुटला तर नाही ना, हे मी डोळ्यांत तेल घालून तपासते. एवढ्या वेळा वाचूनही एखादे वाक्य कोणाला काय म्हणते आहे, हे मी कधी तपासले नव्हते.

दुसरी गोष्ट दिशेची. बिल्ला लावणाऱ्याला स्वतःचा बिल्ला वाचता येत नाही. तो समोरच्यासाठीच असतो. मागे टाचणी असलेल्या या गोल बिल्ल्याचे पेटंट व्हाइटहेड अँड होग या अमेरिकी कंपनीला १८९६ मध्ये मिळाले आणि त्याच वर्षी तिथल्या अध्यक्षीय निवडणुकीत असे बिल्ले छातीवर मिरवले गेले. म्हणजे जन्मापासूनच तो दुसऱ्याला काहीतरी सांगण्याची वस्तू आहे. कपाचे तसे नाही. कपाचा कान उजव्या हातात धरला, की एक बाजू पिणाऱ्याकडे येते आणि दुसरी समोर बसलेल्याकडे. डावखुऱ्याच्या हातात त्याच बाजूंची अदलाबदल होते. म्हणून कप घेणाऱ्याला मी नेहमी विचारते की वाक्य तुम्हाला दिसायला हवे की समोरच्याला. हा प्रश्न मी मांडणीचा म्हणून विचारत होते.

दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी एका कपाची मागणी नोंदवली. बहिणीला भेट पाठवायची आहे, वर तिचे नाव घाला, आणि वाक्य ‘हात पसरू नकोस, हात चालव’ हेच हवे. मी नेहमीप्रमाणे विचारले की बहीण उजव्या हाताने कप धरते की डाव्या. त्यांनी कळवले की तो विचार करू नका, दोन्ही बाजूंनी छापा. मला ते आवडले. भाऊ किती मनापासून भेट देतो आहे, असे वाटले, आणि मी त्या कपावर जरा अधिकच मेहनत घेतली. नावाचे अक्षर वाक्याच्या वळणाशी जुळेना, म्हणून ते दोनदा नव्याने काढले. पहिल्या कपावर कानाजवळ रंग किंचित फिका उतरला होता, तो बाजूला ठेवून दुसरा छापला. खोक्यात कागदाच्या पट्ट्या भरल्या आणि पाठवून दिला.

पाच आठवड्यांनी तेच खोके माझ्याकडे परत आले. आत माझ्याच कागदाच्या पट्ट्या होत्या, होत्या तशा नीट भरलेल्या, कप होता आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठी माझ्याजवळ आहे, पण तिच्यातले शब्द जसेच्या तसे इथे देणे मला योग्य वाटत नाही. आशय असा होता: नोकरी गेल्यानंतर तीन महिन्यांपुरते पैसे मी भावाकडे मागितले होते, उत्तर म्हणून त्याने हा कप पाठवला. काम उत्तम झाले आहे, छपाईत कुठेही दोष नाही. मला तो फोडता येत नाही आणि त्यातून काही पिताही येत नाही, तेव्हा तो तुम्हीच ठेवा.

मी त्या दिवशी जे केले, ते सांगायला मला जड जाते. मी तिला ताबडतोब लिहिले. लिहिले की झाल्या गोष्टीचे वाईट वाटते. परंतु वाक्यामागचा हेतू चांगला आहे, ते मी स्वतःच्या कठीण काळात लिहिले आहे, अनेकांना त्याने बळ दिले आहे, आणि ते तुम्हाला पाठवण्याची निवड तुमच्या भावाची होती, माझी नव्हती. यातले प्रत्येक विधान खरे होते. पत्र पाठवल्यावर मला क्षणभर हलकेही वाटले. दोन दिवसांनी तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते की मी तुमचा हेतू विचारला नव्हता. हे वाक्य लिहिताना तुमच्यासमोर कोण होते, तेवढे सांगता आले तर सांगा.

मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. माझ्यासमोर मीच होते, हे उत्तर मला माहीत होते. पण ते लिहायला घेतले तेव्हा लक्षात आले की ते तितकेसे खरे नाही. त्या रात्री कागदावर मी जे लिहिले, त्यातला आवाज माझा नव्हता. तो मला नकार देणाऱ्याचा होता. त्यानेच मला ‘नकोस’ म्हटले होते. मी त्याचे बोलणे गिळले, घासूनपुसून नेटके केले, त्याला ताल दिला आणि ते माझेच आहे असे समजून आधी स्वतःला ऐकवले, मग विकायला ठेवले. आणि ते ज्याच्या कामाला आले, तो पुन्हा एक नकार देणाराच निघाला. मी तिला शेवटी दोनच ओळी पाठवल्या: समोर मी होते, आणि तुमच्यासारखीच नुकती नकार घेऊन आलेली होते. त्यावर तिचे काही आले नाही. तिने उत्तर द्यायला हवे होते, असे मला वाटत नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. ‘मी’च्या तोंडची वाक्येच ठेवायची, आज्ञार्थी वाक्ये बंद. ‘माझे मी करीन’ हा निश्चय आहे, पण ‘तुझे तू कर’ म्हणजे दार लावून घेणे आहे. क्रियापदाच्या एका रूपात एवढा फरक पडतो, हे मला मराठीच्या तासाला कळायला हवे होते. यादीतली निम्म्याहून जास्त वाक्ये गेली आणि विक्री बरीच उतरली. मी खूश होते, कारण काहीतरी निस्तरल्यासारखे वाटत होते.

तो नियम सात महिने टिकला. माझ्याकडून नेहमी घेणाऱ्या एका बाईंनी विचारले की त्यांचा ‘हात पसरू नकोस’चा बिल्ला हरवला आहे, दुसरा मिळेल का. मी त्यांना कारण सांगून नकार दिला. त्या दुखावल्या. म्हणाल्या की मी तो बिल्ला छातीवर लावत नाही, पिशवीच्या झाकणाला आतून लावते, जिथे तो फक्त मला दिसतो. मी स्वतःलाच ‘अगं’ म्हणते, स्वतःलाच रागावते, मग माझ्याशी मी व्याकरणातल्या कोणत्या पुरुषात बोलावे हे तुम्ही का ठरवता? माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्याचे त्याला ठरवू द्यावे, हीच गोष्ट मी इतकी वर्षे कपांवर छापत आले होते, आणि त्यांच्या बाबतीत मी तेवढेच करायला तयार नव्हते. शिवाय मी स्वतःसुद्धा मनातल्या मनात स्वतःला ‘मी’ कुठे म्हणते? ‘ऊठ आता’, ‘रडू नकोस’ असेच म्हणते. मी त्यांना बिल्ला करून दिला. पैसे घ्यावेत की नाही यावर आमचे थोडे बोलणे झाले. त्यांनी ते दिलेच.

तेव्हा आता नियम नाही, प्रश्न आहे. प्रत्येक मागणीला मी विचारते की हे वाक्य कोण वाचणार. काहींना ती चौकशी आगाऊपणाची वाटते, आणि ते दुसरीकडे जातात. काही खोटेही सांगत असतील. भेटीचे खोके उघडल्यावर काय होते, ते मला दिसत नाही. एकदा एका वडिलांनी मुलासाठी कप मागितला, आणि कोण वाचणार म्हटल्यावर बराच वेळ थांबून मागणी मागे घेतली. मी भले केले की एका मुलाची खरोखरची भेट हिरावली, हे मला आजही सांगता येत नाही.

मैत्रिणीला मी यंत्र परत केले तेव्हा त्याची तापपट्टी नवी बसवून दिली होती, पण ती गोष्टही मी आता प्रथमच लिहिते आहे. माझा त्या वाक्यांवर विश्वास आहे का, तर आहे. ‘मी कोणाचे देणे लागत नाही’ या एकावर नाही, आणि तेच अजून विकले जाते. ते बंद करावे असे दर महिन्याला वाटते, आणि मग कोणीतरी कर्ज फिटल्याचे कळवून तेच मागते.

परत आलेला कप यंत्राशेजारच्या फळीवर आहे. नाव दिसू नये म्हणून मी तो फिरवून ठेवते, पण दोन्ही बाजूंनी छापलेला असल्यामुळे कसाही ठेवला तरी वाक्य माझ्याकडेच तोंड करून असते.