आधी लपवलं, मग मारलं: जुन्या हॉलिवूडमधली समलिंगी पात्रं

जुना हॉलिवूडपट बघायला बसताना आधी त्याचं साल बघावं. समलिंगी पात्रं त्यात कुठे आणि कोणत्या रूपात सापडतील, याचा निम्मा उलगडा तिथेच होतो. १९३०च्या ‘मोरोक्को’त मार्लीन डीट्रिख टक्सीडो घालून गाते आणि प्रेक्षकांतल्या एका बाईच्या ओठांचं चुंबन घेते. तिची प्रेमकथा पुरुषाशीच आहे, तरी लक्षात राहतं ते हे दृश्य. चार वर्षांनंतर ते मंजूर होणं अवघड होतं.

पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची नियमावली, म्हणजे प्रॉडक्शन कोड, १९३० सालीच लिहिली गेली होती, पण स्टुडिओ तिला फारसे जुमानत नव्हते. जुलै १९३४पासून कोड राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, आणि त्याशिवाय चित्रपट लावला तर २५,००० डॉलर दंड. ‘लैंगिक विकृती’ आणि तिचं नुसतं सूचनही निषिद्ध, असं कोडात होतं. समलैंगिकता याच खात्यात टाकलेली. पटकथा चित्रीकरणाआधीच तपासली जाई, म्हणून कात्री बरेचदा कागदावरच चाले.

पात्रं मात्र गेली नाहीत. संवादांतून हुसकावल्यावर ती वस्तूंमध्ये शिरली. ‘द माल्टीज फाल्कन’च्या कादंबरीत गुप्तहेराची सेक्रेटरी त्याला जोएल कैरो समलिंगी असल्याचं एका शब्दात सांगून मोकळी होते. १९४१च्या चित्रपटात ती नुसतं त्याचं कार्ड आणून देते. कार्डाला अनंताच्या फुलांचा वास. मग कैरो झालेला पीटर लॉरे आत येतो आणि छडीची मूठ ओठांपाशी खेळवत बसतो. आक्षेप घ्यावा असं वाक्यच नाही! ‘रिबेका’त (१९४०) घराची व्यवस्था बघणारी मिसेस डॅन्व्हर्स मेलेल्या मालकिणीचा फरकोट गालावर फिरवते, तिचा तलम नाइटगाऊन हात आत घालून दाखवते. एवढ्यावर सगळं समजतं.

अशा खुणा वाचताना एक घोळ हमखास होतो: नाजूक चालीचा, रुमाल उडवणारा प्रत्येक पुरुष समलिंगी ठरवला जातो. त्या काळात हा विनोदाचा ठरीव साचाही होता. फ्रँकलिन पँगबॉर्नने कावरेबावरे मॅनेजर आणि कारकून कितीतरी चित्रपटांत रंगवले. त्यामुळे चित्रपट कादंबरीवर किंवा नाटकावर बेतलेला असेल तर मूळ संहिता आधी बघावी. ‘क्रॉसफायर’च्या (१९४७) मूळ कादंबरीत खून होतो तो समलिंगी माणसाचा, चित्रपटात तो ज्यू केला आहे. नुसता पडदा बघून हे कुणालाच कळणार नाही.

कोडाचा परिणाम नीट बघायचा तर दिग्दर्शक विल्यम वायलरचे दोन चित्रपट लागोपाठ बघा. लिलियन हेलमनच्या नाटकात एक शाळकरी मुलगी अफवा उठवते की, शाळा चालवणाऱ्या दोन शिक्षिकांचे एकमेकींशी संबंध आहेत. १९३६च्या ‘दीज थ्री’त खुद्द हेलमनने पटकथा लिहून अफवाच बदलली: एका शिक्षिकेचे दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याशी संबंध. नाटकाचं नाव वापरायलाही मनाई होती. १९६१मध्ये वायलरने ‘द चिल्ड्रन्स अवर’ या मूळ नावाने तोच विषय पुन्हा केला, या वेळी अफवा नाटकातलीच. पहिल्या चित्रपटात मार्था ही शिक्षिका झालेली मिरियम हॉपकिन्स दुसऱ्यात मार्थाची मावशी आहे. शर्ली मॅक्लेनची मार्था अखेर दुसऱ्या शिक्षिकेवरचं आपलं प्रेम कबूल करते आणि गळफास घेते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोड सैल झाला: विषय ‘संयमाने’ हाताळला तर चालेल. मला पुढची काही वर्षं आधीच्या पंचवीसांपेक्षा जास्त क्रूर वाटतात. पात्र उघड झालं की शेवटच्या रिळात त्याचा बळी ठरलेला. ‘अ‍ॅडव्हाइज अँड कन्सेंट’मधला (१९६२) सिनेटर आत्महत्या करतो. ‘द फॉक्स’मध्ये (१९६७) दोघींपैकी एकीच्या अंगावर झाड पडतं, एवढं सोयीचं झाड शोधून सापडणार नाही. ‘द सार्जंट’चा (१९६८) नायक गोळी झाडून घेतो. चित्रपट-इतिहासकार व्हिटो रुसोने १९८१च्या आपल्या पुस्तकात अशा मृत्यूंची यादीच दिली आहे.

ब्रिटनचा ‘व्हिक्टिम’ (१९६१) याला काहीसा अपवाद. त्यातला तरुण कोठडीत जीव देतो खरा, पण डर्क बोगार्डचा बॅरिस्टर खंडणीखोरांविरुद्ध उभा राहतो, करिअर बुडणार हे माहीत असूनही. खलनायक इथे पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा आहे. तो इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ला शिथिल झाला. अमेरिकेत या चित्रपटाला कोडाचं प्रमाणपत्र नाकारलं गेलं.

१९६८मध्ये कोड जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार वर्गवारी करणारं रेटिंग आलं. ‘द बॉइज इन द बँड’मध्ये (१९७०) कुणी मरत नाही, पण आत्मद्वेष ठासून भरलेला. मूळ नाटक १९६८चं, मध्ये १९६९चं स्टोनवॉल, म्हणजे न्यूयॉर्कमधला समलिंगींचा पोलिसांविरुद्धचा उठाव, होऊन गेलेलं. चित्रपट आला तेव्हाच शिळा वाटू लागला होता. खरा पालट ‘संडे ब्लडी संडे’त (१९७१): पीटर फिंचचा डॉक्टर आपल्या तरुण प्रियकराचं चुंबन घेतो आणि कॅमेरा दचकत नाही. प्रियकर शेवटी सोडून जातो, पण डॉक्टर जिवंत राहतो, धंदापाणी सांभाळतो.

‘स्पार्टाकस’ (१९६०) बघणार असाल तर १९९१ची पुनर्संचयित प्रत घ्या. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि टोनी कर्टिस यांचं स्नानगृहातलं, शिंपले-गोगलगायींच्या आडून लैंगिक आवडीनिवडी विचारणारं दृश्य आधीच्या प्रतींत नाही. त्याचा ध्वनी हरवला होता; कर्टिसने स्वतःचे संवाद पुन्हा म्हटले, ऑलिव्हिए तोवर वारले होते, म्हणून त्यांचा आवाज अँथनी हॉपकिन्सने दिला.