उएनोतली दहा बाय बाराची खोली

लेक टोकियोत नोकरीला लागली त्याला दोन वर्षं झाली. ती कंपनीच्या वसतिगृहात राहते आणि तिथे पाहुण्यांना रात्री मुक्काम करता येत नाही. म्हणून आमच्या नऊ रात्रींसाठी तिने उएनो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवरचं एक हॉटेल ठरवलं. नवी कोरी इमारत, चौदा मजले, जपानमध्ये ज्याला 'बिझनेस हॉटेल' म्हणतात त्या प्रकारातलं. कामानिमित्त आलेल्या माणसाने रात्रीपुरतं टेकावं आणि सकाळी निघावं, यासाठी बांधलेलं. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती माझ्या मनात अजून ताजी आहे.

नारिता विमानतळावरून स्कायलायनर गाडीने पाऊण तासात उएनोला पोचलो. दुपारचे बारा वाजले होते, आणि खोली मिळणार तीन वाजता. मी विनवून पाहिलं, रात्रभर विमानात बसून आल्याचं सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने कमरेत वाकून माफी मागितली, बॅगांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या, त्यांच्यावर जाळी टाकून कुलूप लावलं आणि तीनची वेळ कायम ठेवली. बरोबर तीनला परत आलो तेव्हा यंत्रात पासपोर्ट ठेवायला सांगितले. जपानमध्ये न राहणाऱ्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची नोंद आणि प्रत ठेवणं तिथल्या हॉटेलांना बंधनकारक आहे. मग लॉबीतल्या फळीवरून कंगवा, दात घासायचा ब्रश, ग्रीन टीच्या पुड्या असं लागेल तेवढं आपणच उचलून न्यायचं. ही पद्धत मला आवडली. खोलीत उगाच मांडून ठेवलेलं वाया जात नाही.

नवव्या मजल्यावर दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. ही तर आमची गिरगावातली खोली!

मोरीसकट दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. माझं बालपण तेवढ्या जागेत गेलं. आजी, आई, दादा, काका आणि आम्ही तीन भावंडं. ही खोली होती १२ चौरस मीटर, न्हाणीघर धरून. म्हणजे आमच्या खोलीपेक्षा जेमतेम नऊ चौरस फूट जास्त. पलंग १४० सेंटीमीटर रुंद. लेक म्हणाली, "आई, ह्यालाच 'डबल' म्हणतात. 'सेमी-डबल' असतो १२० सेंटीमीटरचा, तोही दोघांना देतात. मी तो घेतला नाही." पलंग मुद्दाम उंच केलेला, म्हणजे खाली मोठ्या बॅगा आडव्या सरकतात. आमच्याकडे खाटेखाली अशीच ट्रंक असायची. टेबलाखाली छोटा फ्रिज, भिंतीवर कपडे अडकवायच्या खुंट्या, हवा कोरडी पडते म्हणून पाण्याची वाफ सोडणारं यंत्र, उशाशी दिव्यांची सगळी बटणं. कुठेही हात लांबवला तर हवी ती वस्तू तिथेच सापडायची. आमच्या आजीने खोली अशी लावलेली होती. अंधारात उठलं तरी तांब्या-भांडं नेमकं हाताला लागायचं.

न्हाणीघराबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण त्याची गोष्टच तशी आहे. भिंती, जमीन, छत, टब सगळं एकसंध, कुठे फरशीची सांध नाही. याला 'युनिट बाथ' म्हणतात. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हे हजारावर खोल्यांचं हॉटेल दीड वर्षाच्या आत उभं करायचं होतं. प्रत्येक न्हाणीघरात गवंडी, फरशीवाला, नळवाला यांनी एकामागून एक काम करायचं म्हटलं असतं तर ते वेळेत होणं शक्य नव्हतं. तेव्हा टोटो कंपनीने हलक्या फायबर-प्लास्टिकची न्हाणीघरं कारखान्यातच तयार केली आणि ती आणून जागेवर बसवली. आज जपानमधल्या बहुतेक हॉटेलांत आणि असंख्य घरांत तीच पद्धत आहे. पाइप खालून जातात म्हणून आत शिरायला वीतभर पायरी चढावी लागते, आणि टबची कड गुडघ्याच्या वर. ह्यांचा उजवा गुडघा दुखरा. पहिल्या सकाळी मी दाराशी उभी राहून श्वास रोखून ऐकत होते. पण जिथे पाय उचलायचा नेमकी तिथे भिंतीला उभी दांडी होती. नऊ दिवसांत एकदाही हात द्यावा लागला नाही. आणि पाण्याच्या फवाऱ्याचा कमोड! हा 'वॉशलेट' टोटोनेच १९८० साली बाजारात आणला. परदेशी गेलेल्या आपल्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण तिथे नव्हती. हे कुणी प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहीत नाही. मी लिहिते, कारण ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाणाऱ्यांना हे आधी कळायला हवं.

दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांसाठी मोठं स्नानगृह होतं, बायकांचं वेगळं, दाराला आकड्यांचं कुलूप. तिथे विवस्त्रच जायचं असतं. तीन दिवस माझं धाडस झालं नाही. चौथ्या दिवशी आसाकुसात फिरून पोटऱ्या भरून आल्या होत्या, म्हणून रात्री अकराला गर्दी नसेल अशा बेताने गेले. आत एकच आजीबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी बुटक्या स्टुलाकडे बोट केलं, शेजारी छोटी बादली ठेवली आणि हाताने खूण केली, आधी इथे बसून स्वच्छ व्हायचं, मग कुंडात. मी स्टुलावर बसले, बादली भरली, अंगावर पाणी घेतलं आणि एकदम आजोळची न्हाणी आठवली. तोच बुटका पाट, तीच गरम पाण्याची वाफ, पाठीला साबण लावणारी मामी. कुंडात उतरताना माझा छोटा टॉवेल पाण्याला लागणार होता. आजीबाईंनी स्वतःचा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवला होता, त्याकडे बोट दाखवलं. मीही तसाच ठेवला. आम्ही दोघी गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिलो, एक शब्द न बोलता. त्यानंतर मी रोज गेले.

नाश्त्याची ह्यांना पंचाईत झाली. हे शाकाहारी, आणि तिथल्या मिसो सूपचं पाणीच वाळवलेल्या माशाचं असतं. आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो वरून शाकाहारी दिसतो, पण त्याच्याबरोबरच्या इवल्या पुडीतल्या सॉसमध्येही बहुधा मासा असतो. लेकीने मोबाइल धरून एकेका भांड्यावरचं वाचून दाखवलं. शेवटी मी पिशवीतून मेतकुटाची बाटली काढली. जपानी भात मऊ, चिकटसर, गरम. त्यावर मेतकूट आणि शेजारी उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, अगदी आपल्या मुरलेल्या लोणच्याच्या चवीचं. हे आठ दिवस तेच जेवले आणि तृप्त होते. जेवणासाठी जवळच ओकाचिमाची आहे. तिथे जवाहिऱ्यांची वस्ती, त्यांत पुष्कळ जैन कुटुंबं, त्यामुळे शुद्ध शाकाहारी थाळीही मिळते.

आता तक्रार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक कामावरून थेट आली. मी पुण्याहून नेलेल्या भाजणीची थालीपीठं तिने सकाळी उठून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लावली होती आणि डबा भरून आणला होता. खोलीत जाऊन तिघांनी खायचं ठरलं. लिफ्टपाशी काउंटरवरचा मुलगा धावत आला. नोंद नसलेल्या व्यक्तीला वर जाता येणार नाही. लेकीने जपानीत समजावलं, हे माझे आईवडील आहेत, अर्ध्या तासात खाली येते. तो वाकला, माफी मागितली, पुन्हा वाकला. परवानगी नाही. लॉबीत बसा म्हणाला, पण लॉबीत बाहेरचं खायला मनाई.

मला कारणं कळतात. तिथे भाडं खोलीचं नाही, माणशी असतं. रात्री आग लागली तर कोणत्या मजल्यावर किती माणसं आहेत हे हॉटेलला ठाऊक असायला हवं. लेक म्हणाली, "आई, इथल्या बहुतेक हॉटेलांत हाच नियम आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस." पण मी लावून घेतलंच. गिरगावातल्या खोलीचं दार सकाळी उघडलं की रात्री झोपतानाच बंद व्हायचं. गावाहून कुणीही यावं, वळकटी टाकावी, परीक्षा होईपर्यंत राहावं. सात माणसांच्या खोलीत आठवं, नववं माणूस मावलं. आणि इथे तेवढ्याच जागेत पोटची मुलगी अर्धा तास बसू शकत नव्हती. नियम हॉटेलचा असेल, पण बुकिंग करतानाच तो ठळक लिहायला हवा होता. आम्ही या शहरात आलो होतो ते तिच्यासाठी, मनोरे बघायला नव्हे.

मग आम्ही डबा घेऊन उएनो पार्कात गेलो. शिनोबाझू तळ्यातली कमळं नोव्हेंबरात वाळून काड्या झाली होती. तळ्याच्या मध्यभागी बेंतेन्दो नावाचं अष्टकोनी देऊळ आहे, बेंझाइतेन देवीचं. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. चीनमार्गे जपानात पोचली आणि वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा हे वाद्य आलं. देवळासमोरच्या बाकावर बसून गार थालीपीठं खाल्ली. थंडीने बोटं आखडत होती. लेक मध्ये बसली होती, तिचे दोन्ही हात आम्ही एकेक धरले होते. त्यानंतर रोज संध्याकाळी तो बाक आमचा झाला.

सहाव्या रात्री तीनच्या सुमाराला पलंग सरकल्यासारखं वाटून जाग आली. खुंटीवरचे हँगर एकमेकांवर किणकिणत होते. हे उठून बसले. मी काही बोलले नाही, पण आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. तेव्हा ह्यांची बदली सोलापूरला होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, फडताळातली भांडी कोसळली आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो. उजाडल्यावर किल्लारीच्या भूकंपाचं कळलं.

मी उशाशी हात नेला. तिथे भिंतीतल्या खोबणीत विजेरी होती, पहिल्या दिवशीच पाहिलेली. ती उपसली की आपोआप पेटते, बटण शोधावं लागत नाही. दाराच्या आतल्या बाजूला मजल्याचा नकाशा, आपली खोली लाल रंगात, दोन्ही जिने बाणांनी दाखवलेले. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीवर लाल उलटा त्रिकोण असतो, अग्निशमन दलाला आत शिरायची ती जागा. हे सगळं तोवर मी नुसतं पाहिलं होतं. त्या रात्री विजेरीच्या उजेडात नकाशावर बोट ठेवून मी ह्यांना जिना दाखवला तेव्हा हात कापायचे थांबले. मिनिटभरात हलणं थांबलं. छतातल्या ध्वनिक्षेपकातून आधी जपानीत, मग इंग्रजीत सूचना आली. इमारत सुरक्षित आहे, लिफ्ट तपासणीसाठी थांबवली आहे, खोलीतच राहावं.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, बाबा, घाबरलात? इथे शिंदो दोन दाखवतंय." शिंदो म्हणजे त्या जागी किती हादरा बसला त्याचं माप, शून्यापासून सातपर्यंत. दोन म्हणजे काहीच नाही, असं ती सांगत होती, पण आवाज तिचाही ओला होता. पाच वाजेपर्यंत आम्ही तिघं फोनवरच होतो. ती म्हणाली, "मला आत्ता तिथे यायचंय." त्या वेळी गाड्या बंद असतात. आणि आली असती तरी लिफ्टपाशीच थांबली असती.

सकाळी मी स्वतः काउंटरवर गेले. शेवटच्या रात्रीसाठी चौथ्या मजल्यावरची तीन पलंगांची खोली मागितली. पैसे बरेच जास्त पडले. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, नुसतं कार्ड पुढे केलं.

त्या शेवटच्या संध्याकाळी लेकीने नोंदणीच्या कागदावर नाव, पत्ता, फोन लिहिला. तोच मुलगा काउंटरवर होता. त्याने तिचं नाव वाचलं, आमची नावं वाचली, आडनावावर बोट थांबलं, आणि तिच्या हातात तिसरं कार्ड दिलं, दोन्ही हातांनी. लिफ्टमध्ये तिने ते टेकवलं.

तिन्ही पलंग भिंतीला लागून ओळीने होते. आम्ही ते जवळ ओढले, फटीत घडी केलेली पांघरुणं कोंबली. लेक मधल्या पलंगावर आडवी झाली. मी तिला उशाशी विजेरी कुठे आहे ते दाखवलं. "माहीत्ये गं," ती म्हणाली, "आल्या आल्याच बघून ठेवली." हे तोवर घोरायला लागले होते. ती कितीतरी वेळ बोलत होती, कंपनीतलं, वसतिगृहातलं, दोन वर्षांत फोनवर कधीच न सांगितलेलं.

दहाला खोली सोडायची होती. साडेनऊ झाले तरी आम्ही तिघं तशीच लोळत होतो.