तुम्ही विचारलंत म्हणून: प्रधान राजा का होत नाही

जत्रेत नाटक संपून पहाटे तोंडाचा रंग पुसायला बसलो की कोणीतरी विचारतंच. अकरा वर्षं तू राजाच्या बाजूक प्रधान म्हणून उभो रवलंस, मगे त्याच कंपनीत राजा कित्याक नाय झालंस? आणि गेल्या गणपतीत डोंबिवलीहून आलेल्या भाच्यानेही हेच विचारलं, फक्त त्याचा विषय बॅटमॅन होता. मामा, रॉबिन लहानपणापासून त्याच्याबरोबर आहे, सगळं त्याच्याकडूनच शिकलाय, मग तो त्याच्याएवढा पॉवरफुल का होत नाही? मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात आणि दरवेळी घाईत काहीतरी उत्तर देऊन मी उठतो, म्हणून आज नीट लिहितोय.

आधी प्रधानाचं काम काय ते सांगतो. आमच्या दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या नाटकात, लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी बिऱ्हाडावर बसून आख्यान ठरतं, कोण कधी येणार, कोण कोणाला मारणार एवढं ठरतं, आणि मग मध्यरात्रीनंतर आड दशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, आटोपला, संकासूर लोकांना हसवून गेला की समोर एक बाक, बाजूला पेटी-पखवाज-झांज आणि तुम्ही. राजा येऊन बाकावर बसतो आणि प्रधान विचारतो, महाराज, आज आपली मुद्रा अशी चिंताग्रस्त का? झालं, इथून आख्यान उघडतं. प्रधानाला उत्तर माहीत असतं, मला तर आमच्या राजाची भाषणं झोपेत म्हणता आली असती, पण माहीत असलेली गोष्ट माहीत नसल्यासारखी विचारायची आणि ती अशी विचारायची की समोरच्याला बोलायला जागा मिळाली पाहिजे, याला फार कान लागतो. रॉबिनला १९४० मध्ये आणलं तेही याचसाठी. बॅटमॅन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि एकटा माणूस रात्रभर छपरांवरून फिरणार तर मनातलं बोलणार कोणाशी, ही त्याच्या लेखकांची अडचण होती. म्हणजे तो पोरगा आधी ऐकणारा म्हणून आला, लढाई नंतरची.

आता असा ऐकणारा जर नायकाएवढाच ताकदवान झाला तर काय होईल? माझ्या मते याचं सगळ्यात चांगलं उत्तर मारुतीच्या गोष्टीत आहे, कारण तिथे बरोबरचा माणूस खरोखरच ताकदवान आहे, आणि त्याचं काय करायचं हे गोष्टीला ठरवावं लागलंय. लहानपणी त्याने खोड्या करून ऋषींना हैराण केलं म्हणून त्यांनी शाप दिला, तुझं बळ तुला आठवणार नाही, कोणी आठवण करून दिली तरच आठवेल. मग किष्किंधेची सगळी मंडळी समुद्राच्या काठावर येऊन बसतात. समोर शंभर योजनं पाणी, कोण म्हणतो मी दहा योजनं उडेन, कोण म्हणतो वीस, आणि मारुती बाजूला गप्प बसलेला. समुद्राकडे बघत गप्प बसलेली माणसं आम्ही किनाऱ्यावरच्यांनी आयुष्यभर बघितलीयत त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. जांबवंत उठून त्याच्याकडे जातो, तू कोण आहेस ते सांगतो, आणि तो उडतो.

पण खरी गाठ पुढे आहे. लंकेत सीतामाई सापडते आणि मारुती तिला म्हणतो, माझ्या पाठीवर बस, आत्ता रामाकडे नेतो. तो नेऊ शकला असता! समुद्र ओलांडून आला होता, थोड्या वेळाने लंका जाळणार होता. सीता नाही म्हणते, रामाने स्वतः येऊन, रावणाला मारून मला न्यावं, त्यातच त्याची शोभा आहे असं म्हणते. ती हो म्हणाली असती तर सेतू नाही, युद्ध नाही, राम किष्किंधेतच बसलेला आणि बायको घरी परत. बरोबरच्या माणसाची ताकद गोष्टीत कुठे अडते ते इथे दिसतं. ती कमी पडते म्हणून अडत नाही, तिने काम पुरं केलं तर नायकाला करायला काही उरत नाही म्हणून तिला कोणीतरी नको म्हणावं लागतं.

कृष्णाचंही तसंच. तिथे तर सारथी रथात बसलेल्यापेक्षा मोठा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आधीच प्रतिज्ञा, शस्त्र धरणार नाही. आणि मग भीष्मांपुढे अर्जुनाचा हात चालेना तेव्हा हाच सारथी रथातून उडी टाकून धावतो. मी अर्जुन केलाय, धावणाऱ्या कृष्णाचे पाय धरून त्याला थांबवलंय. तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका हात जोडतात आणि पखवाजवालासुद्धा क्षणभर हात उचलून थांबतो. अर्जुन स्वतःची लढाई परत मागून घेतो तो हा क्षण. लक्ष्मणाला इंद्रजित मिळतो, पण रावण नाही. सगळीकडे अशी सीमा आखलेली असते.

हे सगळं गोड आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. एकलव्य घ्या. तो तर बरोबरचा माणूसही नव्हता, त्याला बरोबर घेतलंच नाही, मातीचा पुतळा करून एकटा शिकला आणि अर्जुनापेक्षा पुढे गेला. तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही असा शब्द द्रोणांनी अर्जुनाला दिलेला होता आणि तो शब्द पाळायला अंगठा गेला एकलव्याचा. मारुतीला शाप, कृष्णाला प्रतिज्ञा, पण एकलव्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. कॉमिक्समध्येही हे आहे. आम्ही लहानपणी मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचायचो, त्यातला जादूगार मँड्रेकचा साथीदार लोथार आठवतो का? अंगबळात त्याला तोड नाही, आफ्रिकेतल्या सात राष्ट्रांचा राजपुत्र, आणि सुरुवातीच्या १९३०च्या दशकातल्या गोष्टींत त्याला कातडं नेसवून नोकरासारखं मागे उभं केलेलं, नीट बोलूही दिलेलं नाही. तो मागे का आहे याचं उत्तर गोष्टीच्या गरजेत मिळत नाही, ते कातडीच्या रंगात मिळतं. म्हणून कोणी विचारलं की बरोबरचा माणूस मागे का राहतो, तर मी आधी बघतो की सीमा आखली कोणी, त्याने स्वतः की दुसऱ्याने.

भाच्याला मी सांगितलं की रॉबिन झाला ना मोठा. १९८४ मध्ये पहिल्या रॉबिनने, डिक ग्रेसनने, ते कपडे उतरवले आणि तो नाइटविंग झाला, पुढे दुसऱ्या शहरात जाऊन राहिला, तिथली माणसं त्याची, तिथले गुंड त्याचे. फ्लॅश नावाच्या नायकाचा चेला किड फ्लॅश, तोही मोठा झाला, पण त्याच्या गुरूला आधी मरावं लागलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ते आमच्या बंदरावर रोज दिसतं. होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, एकच. खलाशी दहा वर्षं त्याच्या हाताखाली पाणी वाचायला शिकतो, कुठे जाळं टाकायचं ते कधी कधी तांडेलाच्या आधी त्याला कळतं, तरी तो तांडेल होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच होडीवर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत ही बोलणी होतात, आणि ज्याने शिकवलं त्याला वाईट वाटतं, पण अडवत नाही कोणी.

माझंही असंच झालं. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका जत्रेत मध्येच आमच्या राजाचा घसा बसला, अगदी शब्द फुटेना. मी पुढे झालो आणि म्हटलं, महाराजांनी देवीच्या नवसासाठी मौन धरलंय, त्यांच्या मनातलं मी विचारतो, त्यांनी मान हलवावी. तासभर असं चाललं. मी प्रश्न विचारत होतो आणि प्रश्नातच त्यांचं भाषण घालत होतो, ते हात आणि डोळे असे लावत होते की शेवटी लोकांना माझा आवाज त्यांचाच वाटायला लागला, आणि युद्धाला तर आवाज लागतच नाही, तिथे पखवाज बोलतो. असुर त्यांनीच मारला. माझ्या मनात एकदाही आलं नाही की आता मुकुट आपण घालावा. आलं असतं तर नाटक तिथेच पडलं असतं.

पहाटे दहीकाला झाल्यावर आम्ही सामान बांधत होतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा म्हणतात ते खरंच आहे, आता बोजा टेम्पोत जातो एवढंच. चहा पिताना ते बसलेल्या आवाजात मला म्हणाले, आता तू हय रव नको. हय तू माझो प्रधानच रवतलंस. मला तेव्हा ते लागलं, फार लागलं, मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोललो नाही. पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर मी दुसऱ्या कंपनीत राजा म्हणून उभा राहिलो आणि पहिल्याच रात्री समोरच्या नवीन प्रधानाने, विशीतला पोरगा, इतका वाईट प्रश्न विचारला की मला बोलायला तोंडच मिळेना. त्याला शिकवायला तीन वर्षं गेली. कुठे थांबायचं, कुठे मान खाली घालायची, माझं वाक्य पडतंय असं दिसलं तर कसं उचलायचं.

तो आता इतका छान विचारतो की मला कधी कधी उत्तर आधीच सुचलेलं असतं. या मे महिन्यात त्याला बांद्याकडच्या एका कंपनीने राजासाठी बोलावलं. तो सांगायला आला तेव्हा दारातच घुटमळत होता. मी त्याला आत बसवलं. माझा मुकुट त्याला थोडा सैल होतो, म्हणून परवा तो डोक्याचं माप देऊन गेला.