रिकाम्या खुर्चीचे उमेदवार

भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी झाली की आमच्या कोल्हापुरात ती भरणाऱ्यांची कधीच वाण पडत नाही. २ जुलै २०२५ रोजी मानोलो मार्केझ यांनी पद सोडल्याची बातमी आली आणि शाहू स्टेडियमच्या आसपासच्या चहाच्या गाड्यांवर त्याच संध्याकाळी मुलाखती, निवड आणि नेमणूक असे सगळे सोपस्कार उरकले गेले. एरवी पाटाकडील आणि शिवाजी, खंडोबा आणि दिलबहार अशा इथल्या तालमींच्या फुटबॉल संघांत वाटण्या झालेली, समोरच्या तालमीचे नुसते नाव निघाले तरी आवाज चढवणारी ही मंडळी भारताच्या प्रश्नावर मात्र एका बाकावर बसतात, याचे मला नेहमी कौतुक वाटते. एका बाकावर बसतात म्हणजे एका मताची असतात, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

प्रशिक्षकाच्या नावावरून एवढे रण का माजावे, याचे एक साधे कारण आहे. क्लबच्या चाहत्याला हात राखून भांडता येते. गोल होत नसतील तर नवा आघाडीवीर विकत आणा म्हणता येते, बचाव गळत असेल तर परदेशी बचावपटू मागता येतो. देशाच्या संघात ती सोय नाही. जे तेवीस खेळाडू आहेत ते आहेत, सुनील छेत्रीने २०२४ मध्ये निवृत्ती घेतल्यावर त्याच्या जागी गोल करणारा माणूस बाजारात मिळत नाही आणि म्हणूनच २०२५ च्या मार्चमध्ये खुद्द छेत्रीलाच परत बोलवावे लागले. बदलता येण्याजोगी एकच जागा उरते, ती म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची. साहजिकच चाहत्याची सगळी आशा, सगळा राग आणि उरलेसुरले सगळे ज्ञान त्या एका जागेवर येऊन आदळते.

आमच्या बाकावरचे ज्येष्ठ सभासद म्हणजे आण्णा. परदेशी प्रशिक्षकावाचून तरणोपाय नाही, हे त्यांचे मत पक्के आहे. त्यांच्या पोतडीत पहिले नाव बॉब हॉटन यांचे असते. ज्या माणसाने १९७९ मध्ये स्वीडनच्या माल्मो संघाला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, त्याच माणसाने भारताला २०११ च्या आशिया कपला नेले, तेही १९८४ नंतर पहिल्यांदाच, हे ते पाठ केलेल्या आरतीसारखे म्हणतात. दुसरे नाव स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचे. २०१५ मध्ये त्यांनी दुसऱ्यांदा सूत्रे घेतली तेव्हा जागतिक क्रमवारीत १७३ पर्यंत घसरलेला भारत त्यांच्या काळात ९६ व्या स्थानी पोचला आणि २०१९ च्या जानेवारीत अबू धाबीत आपण थायलंडला ४-१ असे धुतले. त्याच स्पर्धेत बहारीनविरुद्ध शेवटच्या क्षणांत पेनल्टीवर गोल खाऊन आपण बाहेर पडलो आणि कॉन्स्टंटाइन यांनी लगेच राजीनामा दिला, हा भाग आण्णा चहाच्या घोटाबरोबर गिळतात.

आण्णांचा पुतण्या बरोबर उलट्या टोकाला. त्याला आपला माणूस हवा, आणि आपला म्हणजे भारतीय प्रशिक्षक खालिद जमील. मार्केझ यांच्या आधीचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना २०२४ मध्ये मुदतीआधी काढल्यावर तडजोडीपोटी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला चार लाख डॉलर मोजावे लागले, हा आकडा तो आण्णांच्या तोंडावर फेकतो. आण्णा तयारच असतात. "आणि आपला माणूस नेमला होता तेव्हा काय दिवे लागले रे?" असे म्हणून ते गोव्याच्या साव्हियो मदेरांचा विषय काढतात. मदेरांच्या हाताखाली २०११ च्या डिसेंबरात दिल्लीत आपण अफगाणिस्तानला चार गोलांनी हरवून सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली होती, हे पुतण्या सांगतो. तीनच महिन्यांनी नेपाळमध्ये आशियाई चॅलेंज कपचे तिन्ही सामने हरलो, हे आण्णा सांगतात. दोघेही खरेच बोलत असतात, त्यामुळे वाद मिटण्याची भीती नसते.

या दोघांच्या मध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात आणि त्यांचा उमेदवार १९६३ मध्येच वारलेला आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक, १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ च्या जाकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध रहीमसाहेबांनी जर्नेलसिंग या बचावपटूला, डोक्याला दुखापत असताना, पुढे आघाडीला खेळवले आणि त्याने गोल केला, ही गोष्ट ते दर वेळी अशी सांगतात की समोर बसलेल्याला सामना कालच झाला असे वाटावे. उमेदवार उपलब्ध नाही, हा आक्षेप त्यांना फार किरकोळ वाटतो.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की यांपैकी कोणीही खरे तर माणूस निवडत नाही. प्रत्येकाने संघाचे कुठे बिघडले आहे ते आधीच ठरवलेले आहे आणि ज्याच्या नावात त्या बिघाडावरचा इलाज दिसतो, त्याला तो मत देतो. आण्णांच्या मते आपल्या खेळाडूंना खेळाचे शास्त्र कमी कळते, म्हणून त्यांना ते शास्त्र जिथे शिकवतात तिथला मास्तर हवा. पुतण्याच्या मते खेळाडूंना आपल्या भाषेत कोणी दम देत नाही आणि पाठीवर हातही ठेवत नाही, म्हणून त्याला घरचा माणूस हवा. निवृत्त गृहस्थांच्या मते पूर्वीसारखी माणसेच उरली नाहीत, आणि त्यावर इलाज नसल्यामुळे त्यांचा उमेदवारही हयात नाही. त्या बाकावर बसून नुसती नावे ऐकली तरी कोणाला काय खुपते आहे ते कळते.

पण जे खुपते ते नेहमी प्रशिक्षकाच्या हातात असतेच असे नाही. १० जून २०२५ चा हाँगकाँगविरुद्धचा, आशिया कपच्या पात्रता फेरीतला सामना आठवून पाहा. नवे कोरे काई टाक स्टेडियम, गच्च भरलेले, आणि पहिल्या अर्धात लिस्टन कोलासोने डावीकडून दिलेला चेंडू आशिक कुरुनियनच्या पायाशी आला तेव्हा समोर गोल मोकळा होता. आशिकने तो बाहेर मारला. शेवटी नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत आपला गोलरक्षक विशाल कैथ उंच चेंडूसाठी धावत बाहेर आला, चेंडू हुकला, समोरचा खेळाडू मात्र हुकला नाही, आणि हाँगकाँगच्या स्टीफन परेराने पेनल्टीवर सामना संपवला. मार्केझ यांच्या खात्यावर आठ सामन्यांत मालदीवविरुद्धचा एकच विजय राहिला आणि महिन्याच्या आत ते गेले. तो एक चेंडू आत गेला असता तर आमच्या बाकावर त्या जुलैत कोणत्या विषयावर भांडण झाले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. फार तर मार्केझ यांच्यासारख्या एकाच माणसाने एफसी गोवा क्लब आणि भारत अशा दोन होड्यांवर पाय ठेवून उभे राहावे का, या जुन्या विषयावर. गोवेकरांना तर ते आपल्याच क्लबला पूर्ण वेळ हवे होते.

जाहिरात निघाल्यावर महासंघाकडे १७० अर्ज आले. लग्नाला उभ्या असलेल्या मुलीच्या घरी एकदम एवढी स्थळे यावीत आणि त्यांत एक राजपुत्राचे निघावे तसे झाले, कारण अर्जांत बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक झावी यांचे नाव होते. त्या एका दिवसात आमच्या बाकावरची सगळी तत्त्वे कोलमडली. पुतण्याने आपला माणूस सोडून दिला, आण्णांनी मानधनाचा हिशेब मांडायला घेतला, आणि छोटे पास, चेंडूवर ताबा, खेळाडूखेळाडूंत त्रिकोण, अशी भाषा जे लोक आयुष्यभर 'उचल आणि मार पुढं' एवढेच ओरडत आले ते बोलू लागले. दुसऱ्याच दिवशी महासंघाने सांगितले की झावी आणि पेप ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. मला त्याचा राग आला नाही. एका दिवसापुरती का होईना, भारतीय फुटबॉलच्या चाहत्याला निवडीची चैन करता आली.

उरली ती तीन नावे: कॉन्स्टंटाइन, जे मधल्या काळात पाकिस्तानचे प्रशिक्षकही होऊन आले होते, स्लोव्हाकियाला युरो स्पर्धेत घेऊन गेलेले श्टेफान तारकोविच, आणि खालिद जमील. माझे मत खालिद यांना होते आणि त्याचे कारण देशी-विदेशी या वादात नव्हते. त्यांनी २००९ ते २०१६ मुंबई एफसी सांभाळली. तो क्लब श्रीमंत नव्हता, त्याच्याकडे मोठी नावे नव्हती, आणि दर हंगामाच्या अखेरीस हा संघ आता खालच्या विभागात जातो की काय अशी धाकधूक असायची; खालिद यांनी तो दर वर्षी तगवला. त्यांचा खेळ पाहायला गोड नव्हता. मागून लांब चेंडू, दहा माणसे चेंडूच्या मागे, एखादा फ्री-किक मिळाला तर त्यावर संसार. त्यांनी क्लब सोडल्यावर पुढच्याच मोसमात मुंबई एफसी आय-लीग या राष्ट्रीय क्लब स्पर्धेच्या तळाला गेली, आणि त्याच मोसमात खालिद यांनी मिझोरमच्या ऐजॉल क्लबला विजेतेपद मिळवून दिले. आदल्या वर्षी ऐजॉल खाली घसरली होती आणि गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडल्यामुळेच तिची जागा वाचली होती. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये एका गुणाची गरज असताना ते आधी एका गोलने मागे पडले आणि १-१ अशी बरोबरी करून, ईशान्येकडील क्लबने कधी न जिंकलेला मान घेऊन मिझोरमला परतले. भारतीय संघाची अवस्था झावींच्या बार्सिलोनासारखी नाही, ती मुंबई एफसीसारखी आहे, एवढाच माझा मुद्दा होता. तो बाकावर मांडल्यावर आण्णा म्हणाले, "मग रडतच खेळायचं का कायम?" हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

१ ऑगस्टला खालिद यांची नेमणूक झाली, तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक आला आणि पुतण्याने सगळ्यांना कटिंग पाजला. गंमत अशी, की प्रशिक्षक कोण यावर देशभर शब्दांची लढाई चालली होती त्या वेळी इंडियन सुपर लीग ही देशातली मुख्य क्लब स्पर्धा भरणार की नाही हेच ठरलेले नव्हते. हक्कांचा करार संपत आल्यामुळे जुलैतच ती लांबणीवर टाकली होती. खेळाडूंना क्लबचा सराव नाही, आणि ताजिकिस्तानातील पहिल्याच स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत, कारण क्लबना खेळाडू सोडावेच लागतात अशा फिफाच्या ठरावीक खिडकीत ती स्पर्धा बसत नव्हती. राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षाकाठी खेळाडू हाती मिळतात ते मोजके आठवडे. हे बाकावर प्रत्येकाला माहीत आहे आणि त्यावर कोणाचेही दुमत नाही. पण वेळापत्रकाला चेहरा नसतो, त्याला मैदानाच्या कडेला उभे करून शिव्या देता येत नाहीत, म्हणून त्याच्यावर चहा थंड होईपर्यंत कोणी बोलत नाही.

तरीही त्या तोकड्या संघाने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला तेव्हा आण्णांनीसुद्धा, थोडे दुसरीकडे पाहत, "पोरगं बरं दिसतंय" असे मत दिले. पोरगे म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांचे खालिद. ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपल्या छांगटेच्या गोलने आघाडी घेऊनही आपण सिंगापूरकडून २-१ असे हरलो, आशिया कपचा दरवाजा बंद झाला आणि बरे दिसणे संपले. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून १-० अशी हार झाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकावर जागा मिळेना.

माझे मत अजून खालिद यांनाच आहे. चार महिन्यांत माणूस बदलायचा असेल तर अर्ज मागवून १७० लोकांना कशाला तसदी द्यायची, असे मी म्हटले, तेव्हा पुतण्या पहिल्यांदाच माझ्या बाजूने उभा राहिला नाही. नुसता मोबाईलमध्ये पाहत राहिला. आण्णांकडे नवे नाव तयार आहे, माणूस क्रोएशियाचा आहे म्हणे. स्टिमाचही तिथलेच होते, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले. त्यावर हा त्यांच्यासारखा नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.